गोळी गिळल्यावरच सही

नव्या काळजीवाहकांना मी आधी औषधांची नावं शिकवत नाही. डबी, चिठ्ठी आणि नोंदतक्ता समोर ठेवून माणूस, औषध, मात्रा, वेळ, मार्ग (म्हणजे औषध कसं द्यायचं) असं मोठ्याने वाचायला लावते. सही मात्र गोळी गिळल्यावरच. मी एकदा आधी केली होती; आजोबांची गोळी संध्याकाळी उशीखाली सापडली! नकार दिला तर ‘नकार’ लिहा, जेवणात लपवून देऊ नका. ‘एसआर’ म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी कुटायची नाही, तासन्‌तास पुरणारं औषध एकदम अंगात उतरतं. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा: २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, किरकोळ वजनाच्या माणसाला डॉक्टर सांगतील तेवढंच, म्हणजे बहुधा कमी. चूक झाली? लगेच नर्सला फोन, आणि नोंदीवर नंतरही व्हाइटनर लावू नका.