आधी रेकॉर्ड धुवा, मग रिव्ह्यू लिहा

ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम (१९७०) सुरू होतो तो पावसाने. पाऊस, लांबून वाजणारी घंटा, गडगडाट आणि मग गिटारिस्ट टोनी आयोमीचा तो तीन सुरांचा रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा. माझी कॉपी चोर बाजारातली, मटण स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेली, आणि त्यावर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी त्या पावसाचं काय कौतुक केलं होतं, की कसा कौलांवर पडल्यासारखा टपटपतो, थेंब न् थेंब वेगळा ऐकू येतो वगैरे. नंतर रेकॉर्ड धुतली. अर्धा पाऊस गेला. म्हंजे मी दोन पॅरेग्राफ धुळीचं परीक्षण लिहिलं होतं.

तेव्हापासून एक नियम केलाय, घरातल्या रेकॉर्डवर लिहायचं तर बँडने काय वाजवलं, कारखान्यात ते कसं छापलं आणि आपल्या कॉपीने आजवर काय काय भोगलं, या तीन गोष्टींची सरमिसळ करायची नाही. फोनवर ऐकून लिहिणाऱ्याला हा ताप नसतो, आपल्याला आहे, आणि खरं सांगायचं तर मजाही त्यातच आहे.

धुण्याचं आधी उरकून टाकू. बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा अक्षरशः एक थेंब, मऊ मायक्रोफायबरचं फडकं, खाचांच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं घासायचं नाही, लेबल ओलं करायचं नाही, आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत पुसून उभी ठेवून वाळवायची. मुंबई-कोकणात पावसाळ्यानंतर पांढरी बुरशी धरतेच, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत रेकॉर्ड्सपण घ्या. काहीजण पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, विनाईलला, म्हणजे एलपीच्या प्लास्टिकला, थोडंसं चालतं, पण आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना चुकूनसुद्धा लावू नका, लाख विरघळते.

मग सुई. मी सेकंडहँड टर्नटेबल घेतला तेव्हा विकणारा म्हणाला, सगळं सेट आहे साहेब, डोळे झाकून लावा. मी लावला. वर्षभराने साधा वजनकाटा आणून बघितलं तर सुईचा भार चार ग्रॅमच्या वर, आणि माझ्या काट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या त्या छोट्या डबीला, हवेत दोन. वर्षभर मी माझ्याच रेकॉर्ड्सवर नांगर फिरवत होतो! काट्रिजच्या कागदावर आकडा असतो तो बघा आणि तेवढाच ठेवा.

आता कॉपी कुठली ते. लेबलच्या भोवती जो गुळगुळीत पट्टा असतो, डेड वॅक्स म्हणतात त्याला, तो टॉर्चखाली तिरका धरून वाचा, तिथे नंबर आणि कधीकधी छापण्याआधी मूळ तबकडीवर खाचा कापणाऱ्याची सही असते. लेड झेपलिनच्या दुसऱ्या अल्बमच्या (१९६९) सुरुवातीच्या अमेरिकन कॉप्यांवर तिथे आरएल अशी अक्षरं कोरलेली असतात, ती रॉबर्ट लडविगची, आणि ते कटिंग इतकं दणदणीत होतं की स्वस्तातल्या प्लेअरवर सुई उडायची म्हणून नंतर आवाज कमी करून परत कापलं असं सांगतात. आता तुम्ही लिहिणार आवाज दबका आहे आणि दुसरा लिहिणार भिंती हलल्या, आणि दोघंही खरंच बोलताय. सॅबथच्या पहिल्या अल्बममध्ये तर गाणंच बदलतं, इंग्लंडच्या कॉपीत ईव्हिल वुमन आहे, अमेरिकेच्या कॉपीत त्याजागी विकेड वर्ल्ड. त्यामुळे रिव्ह्यूच्या वरच लिहून टाका: देश, लेबल, वर्ष, डेड वॅक्सवरचा नंबर. एक ओळ लागते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते, आयर्न मेडनचा अल्बम पॉवरस्लेव्ह, १९८४. पन्नास मिनिटांचं संगीत एकाच रेकॉर्डवर कोंबलंय, म्हणजे एकेका बाजूला पंचवीसच्या आसपास, आणि एलपीच्या मानाने हे जास्त होतं. वेळ वाढला की खाचा एकमेकींच्या जवळ कापाव्या लागतात, आणि मग आवाज थोडा खाली ठेवावा लागतो. त्यात अजून एक भानगड, रेकॉर्ड फिरते एकाच वेगाने, मिनिटाला ३३⅓ फेरे, पण कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी खाच जाते आणि लेबलजवळ पोचेपर्यंत तीच वीसेकवर येते. तेवढ्याच आवाजाला कमी जागा, म्हणून आतल्या गाण्यांत स आणि श फाटतात, झांजा चरचरतात. आणि मेडनने बी साईडला सगळ्यात शेवटी काय ठेवलंय? साडेतेरा मिनिटांचं राईम ऑफ द एन्शंट मरिनर!

ते गाणं मध्यावर जवळजवळ थांबतं. जहाज अडकलंय, वारा नाही, बास हळूच चालू आहे, लाकूड करकरतंय आणि वर इंग्रज कवी कोलरिजच्या याच नावाच्या कवितेतल्या ओळी बोलल्या जातात. इथे तुमच्या कॉपीचं सगळं पितळ उघडं पडतं. कुठलीही कॉपी आली की मी सुई आधी इथे टाकतो, जहाज करकरतंय की रेकॉर्ड, हे कळलं की बाकीचं कळलंच. आणि पुढे गिटार परत उसळतात तेव्हा गायक ब्रूस डिकिन्सनचा आवाज फाटला तर लगेच मार्टिन बर्चच्या प्रॉडक्शनला शिव्या घालू नका, आधी डिजिटलवर तेवढीच दोन मिनिटं ऐकून बघा. तिथे स्वच्छ असेल तर दोष एकतर तुमच्या सुईचा नाहीतर आतल्या खाचांचा, आणि रिव्ह्यूत तसंच लिहा.

ऐकताना माझी पद्धत अशी की पहिल्यांदा वही लांब ठेवायची आणि दोन्ही बाजू सलग ऐकायच्या, मध्ये चहा चालेल, फोन नको. दुसऱ्या दिवशी वही घेऊन, पण तेव्हा एकच बाजू. बाजू हा खरा हिशोब आहे बघा, बँडनेही तसंच लावलेलं असतं, पॉवरस्लेव्हची ए साईड एसेस हाय या गाण्याने का उघडते आणि उलटल्यावर पहिलं गाणं थोडं साधं का वाटतं, हे रेकॉर्ड हाताने उलटणाऱ्यालाच जास्त जाणवतं. वहीत "ड्रमिंग अप्रतिम" असलं काही लिहू नका, त्यातून कोणालाच काही मिळत नाही. "ड्रमर निको मॅकब्रेन एकाच बास पेडलवर हे सगळं पळवतोय" असं लिहिलं तर वाचणारा निदान त्या पायाकडे कान देईल. आणि आयोमीच्या कारखान्यातल्या यंत्रात कापलेल्या बोटांच्या टोकांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती परत सांगायची तर तुम्हाला ती रिफमध्ये कुठे ऐकू आली ते सांगा, नाहीतर सोडून द्या.

कव्हरला पण चार ओळी द्या. पॉवरस्लेव्हचं चित्र डेरेक रिग्जचं, इजिप्तचं देऊळ, मधोमध सिंहासनावर एडी, म्हणजे मेडनच्या कव्हरांवरचा तो नेहमीचा राक्षस, आणि दगडांवरच्या चित्रलिपीत त्याने बारीक अक्षरांत "इंडियाना जोन्स इथे आला होता, १९४१" लिहून ठेवलंय. फोनवरच्या नखाएवढ्या चित्रात हे दिसणं शक्य नाही. मला स्वतःला भिंग घेऊन सापडलं तेव्हा बायकोने विचारलं, काय शोधतोयस एवढं, तर काय सांगणार!

स्टार वगैरे मी देत नाही. त्याऐवजी शेवटी एवढंच लिहितो की ही कॉपी ठेवणार, बदलणार की विकणार. पॉवरस्लेव्ह ठेवणार. स्लेयरचा रेन इन ब्लड (१९८६) बदलायचाय, त्याची गंमत उलटी आहे, अख्खा अल्बम जेमतेम २९ मिनिटांचा म्हणजे खाचांना ऐसपैस जागा, आवाज अंगावर येतो. पण तोही पावसावरच संपतो, आणि माझ्या कॉपीत पाऊस कुठे थांबला आणि सुई कोऱ्या पट्ट्यात कधी गेली ते दोनदा धुवूनही कळत नाहीये.