वयस्कर माणसाचं पोट अचानक दुखू लागलं, तर आतड्याची कोणती कारणं तपासायची

सत्तरीच्या पुढच्या माणसाचं पोट दाबून मऊ लागलं, ताप नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या नाहीत, म्हणून ‘गॅस असेल’ म्हणू नका. या वयात पोटाचे स्नायू पातळ झालेले असतात. आत आतडं फुटलं तरी पोट घट्ट होईलच असं नाही. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीची, ठोके मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही. स्टिरॉइड चालू असेल तर ताप आणि दुखणं दोन्ही दबतं.

आधी कागदावर लिहा: दुखणं किती वाजता सुरू झालं, शेवटचा वारा कधी सरला, शौचाला कधी झालं, उलटी हिरवी की शेणासारख्या वासाची. मग मनगटावर बोट ठेवून नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके मागेपुढे पडत असतील आणि दुखणं असह्य असूनही पोट मऊ असेल, तर सर्वात आधी आतड्याच्या रक्तपुरवठ्याचा विचार करा. ठोके अनियमित असले की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती आतड्याच्या मुख्य धमनीत जाऊन अडकते. सुरुवातीला बऱ्याचदा एकदोन जुलाब होतात आणि सगळे अन्नातून विषबाधा समजून बसतात. इथे सोनोग्राफीवर थांबू नका, सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) लागते. लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) नॉर्मल आलं तरी हा आजार नाही असं ठरत नाही. काही तासांतच आतडं काळं पडू लागतं, म्हणून क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या तपासणीच्या) रिपोर्टची वाट पाहत स्कॅन अडवून ठेवणं महागात पडतं.

दुसरी हुकणारी गोष्ट मांडीत असते. बारीक, वजन घटलेल्या वृद्ध स्त्रीला उलट्या होतात, पोट फुगतं आणि त्याच वेळी मांडीच्या आतल्या बाजूला गुडघ्यापर्यंत कळ जाते. पाय सरळ करून बाहेर नेला किंवा आत वळवला की ती वाढते, गुडघा दुमडला की कमी होते. ओटीपोटाच्या हाडातल्या छिद्रात आतडं अडकून तिथली नस दाबली गेलेली असते. हा हर्निया जांघेत फुगवटा दाखवत नाही, त्यामुळे पाय दुखतो म्हणून संधिवाताचीच औषधं चालू राहतात. तेव्हा पोटाच्या डॉक्टरांना पायाचं दुखणं आवर्जून सांगा. सीटी मांडीच्या वरच्या भागापर्यंत घेतला तर हे लगेच दिसतं.

पित्ताशयातला मोठा खडा, सहसा दोन-अडीच सेंटिमीटरहून मोठा, भिंत झिजवून आतड्यात उतरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात अडकतो. तो पुढे सरकताना मध्येच बरं वाटतं आणि पुन्हा उलट्या सुरू होतात. या मधल्या आरामाला फसू नका. एक्स-रेमध्ये पित्तनलिकेत हवा दिसली तर निदान जवळपास झालंच.

पोट नगाऱ्यासारखं फुगलं असेल तर मोठ्या आतड्याला पीळ पडला असेल, किंवा कुठेही अडथळा नसताना आतडं नुसतं सुस्त पडलं असेल. दिसायला दोन्ही सारखी, उपचार वेगळे. पीळ बऱ्याचदा दुर्बिणीतून सोडवता येतो, पण पुन्हा पडतो, म्हणून त्याच भरतीत ऑपरेशनचं विचारा. सुस्त पडलेल्या मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग १२ सेंटिमीटरच्या पुढे फुगला की फुटण्याचा धोका वाढतो.

जुनाट बद्धकोष्ठात साचलेला शौचाचा कडक खडाही भिंतीला जखम करून आतडं फाडतो. अशा वेळी जोरात एनिमा देणं घातक. रुग्ण गोळ्या स्वतः काढून घेत असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: गोळी पाकिटाच्या कापलेल्या तुकड्यासकट तर गिळली नाही? त्या फॉइलचे कोपरे धारदार असतात आणि गिळल्याचं बहुतेकांना आठवतही नाही. रिकामं पाकीट शोधून सोबत न्या.

दवाखान्यात पोचेपर्यंत खायला-प्यायला काही देऊ नका, जुलाबाचं औषध तर नाहीच. चालू औषधांची पिशवी बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर शेवटची कधी घेतली, तेही त्याच कागदावर लिहा. डॉक्टर वेदनाशामक देत असतील तर देऊ द्या, त्यामुळे निदान बिघडत नाही.