सेसना की पायपर? जुन्या छोट्या विमानांची तुलना करताना या चुका टाळा

लायसन्स काढायला किंवा भारतातलं लायसन्स बदलून घ्यायला अमेरिकेत आलेली मराठी मुलं भेटली, की चहा यायच्या आत प्रश्न येतो: "सर, सेसना चांगलं की पायपर?" सेसना आणि पायपर या छोटी विमानं बनवणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्या. मी उलट विचारतो, "कुठल्या सालचं?" मग शांतता. शनिवार-रविवार मी टेक्ससमधल्या एका छोट्या विमानतळावर शिकवतो आणि त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय. खाली त्या लिहिल्या आहेत. ज्यांनी माझं डोकं जास्त उठतं त्यांना जास्त जागा दिली आहे.

नुसतं "१७२" म्हणणं

फ्लॅट बघायला गेलेला माणूस साल विचारतो, मजला विचारतो, पाणी किती वेळ येतं तेही विचारतो. विमानाच्या बाबतीत तोच माणूस नुसत्या नावावर भाळतो.

सेसना १७२ हे १९५६ पासून विकलं जातंय. ४४ हजारांच्या वर बनली. दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही. पण या एका नावाखाली आहे काय काय, ते बघा. सुरुवातीला १४५ अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं कॉन्टिनेंटल कंपनीचं इंजिन होतं. १९६८ च्या मॉडेलपासून चार सिलिंडरचं लायकमिंग कंपनीचं आलं, आधी १५० आणि मग १६० अश्वशक्तीचं. आजच्या १७२ एसमध्ये १८० आहे. हॉक एक्सपीमध्ये १९५, आणि कागदोपत्री तेही १७२ च. १७२ आरजीची तर उडताना चाकंच आत जातात. १९८६ ला उत्पादन बंद पडलं, कारण नुकसानभरपाईच्या दाव्यांनी कंपन्या बेजार झाल्या होत्या. १९९४ मध्ये अमेरिकेनं त्या दाव्यांना १८ वर्षांची मुदत घालणारा कायदा केला, आणि १९९६ मध्ये कॅन्ससमधल्या इंडिपेंडन्सच्या नव्या कारखान्यातून १७२ पुन्हा बाहेर पडू लागलं. त्यामुळे "१७२ की पायपरचं चेरोकी" या प्रश्नाला उत्तरच नाही. "१९७५ चं १७२ एम की १९७५ चं पायपर वॉरियर" याला आहे.

गंमत म्हणजे सेसनालाही १७२ जुनं झालं असं वाटलं होतं. त्याच्या जागी म्हणून १९६८ चं मॉडेल म्हणून कार्डिनल आणलं. दिसायला देखणं, पंखाला आधाराची दांडी नाही, दारं ऐसपैस. पण पहिल्या वर्षी इंजिन कमी पडलं, शेपटीत दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि १९७८ नंतर कार्डिनल संपलं. १७२ अजून चालू आहे.

आमच्या एका मित्राला १९७९ चं १७२ एन सापडलं. जाहिरातीत "ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केल्यानंतर) अगदी कमी तास", रंग नवा, आतली कातडी नवी. चेक फाडायला गडी तयार. मी म्हटलं, आधी मेकॅनिकला तेलाचा फिल्टर कापू दे. मालकानं नाक मुरडलं, पण कापू दिला. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या तर बारीक चमचम. मेकॅनिकनं चुंबक फिरवलं, ती चमचम चुंबकाला चिकटली. म्हणजे पोलाद. वरून कीर्तन, आतून तमाशा.

कारण साधं होतं. विमान वर्षानुवर्षं हँगरमध्ये उभं होतं. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद राहिलं की तेल निथळून खाली जातं, कॅम कोरडा पडतो, त्याला गंज चढतो, आणि पुढे इंजिन सुरू झालं की तो गंज कॅमवर टेकलेले टॅपेट खात सुटतो. "कमी तास" हा गुण नव्हे. दर आठवड्याला उडणारं १५०० तासांचं इंजिन मी डोळे मिटून घेईन. दहा वर्षं झोपलेलं २०० तासांचं घेणार नाही. शिवाय १९७७ ते १९८० च्या एनमध्ये ओ-३२०-एच२एडी हे इंजिन आलं. कॅम आणि टॅपेटच्या झिजेसाठी ते बदनाम आहे. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण झाल्या की नाहीत हे विमानाच्या देखभालीची नोंदवही, म्हणजे लॉगबुकच सांगेल. विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

माझी सवय अशी: आधी लॉगबुकं, मग इंजिन, मग फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत), रंग सगळ्यात शेवटी. नाकावर आपटून उतरवलेल्या सेसनाच्या फायरवॉलला सुरकुत्या पडतात. सेसना १८२ ला तर जास्तच, कारण त्याचं नाक जड.

नावातल्या आकड्यावर विसंबणं

सेसना १५० मध्ये १५० अश्वशक्ती नाही, १०० आहे. बहुतेक चेरोकी १४० मध्ये १४० नाही, १५० आहे. वॉरियरचं १६१ म्हणजे १६० आणि आर्चरचं १८१ म्हणजे १८०. मूनी कंपनीच्या २०१ मधला आकडा तासाला मैल आहे, अश्वशक्ती २००. पुढे चला.

मैल आणि नॉट एकाच तागडीत टाकणं

साधारण १९७६ च्या मॉडेलांपासून अमेरिकी कंपन्या नॉटवर, म्हणजे तासाला सागरी मैलांवर, आल्या. त्याआधीची माहितीपत्रकं आणि वेगाच्या तबकड्या तासाला मैल दाखवतात. १२० नॉट म्हणजे १३८ मैल. मग कुणीतरी जुनं पत्रक उघडतो, शेजारी नवं ठेवतो आणि जाहीर करतो, "जुनं १३८ नं जायचं, नवं १२२ नं जातं, पूर्वीच्या कारागिरीची सर नाही!" यावर मी रंगलेले वाद ऐकले आहेत. एका वादात तर दोघंही इंजिनिअर होते.

कागदावर हे हसण्यावारी नेता येईल. कॉकपिटमध्ये नाही. नव्या १७२ वर शिकलेला माणूस जुन्यात बसला आणि सवयीनं ६५ धरून उतरायला आला, तर तबकडी मैलांची असल्यामुळे तो प्रत्यक्षात ५६ नॉटवर असतो. उलटंही होतं: जुन्या पुस्तकातलं ८० मैल वाचून नव्यात ८० नॉटनं येतात आणि धावपट्टीचा अर्धा भाग तरंगत घालवतात. मी नव्या विमानात बसलो की पहिल्यांदा तबकडीवरची अक्षरं वाचतो, बाकी सगळं नंतर. काही तबकड्यांवर बाहेर मैल आणि आत नॉट अशा दोन रांगा असतात. तिथे कुठली रांग वाचायची ते इंजिन सुरू करायच्या आधी मोठ्यानं बोला.

दोन्ही टाक्यांची बेरीज करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती हुशार मुलं करतात.

१७२ चे पंख वर. इंधन आपल्या वजनानं खाली येतं, आणि सिलेक्टरवर, म्हणजे टाकी निवडायच्या खटक्यावर, "बोथ" अशी जागा असते. तिथे ठेवलं की दोन्ही टाक्या मिळून इंजिनाला पाजतात. पीए-२८ चे, म्हणजे चेरोकी, वॉरियर, आर्चर या सगळ्यांचे पंख खाली. इंधन पंपानं ओढून वर न्यावं लागतं. दोन्ही टाक्या एकदम उघड्या ठेवल्या आणि एक आधी रिकामी झाली, तर पंप तिच्यातून हवाच ओढेल. म्हणून तिथे "बोथ" नाहीच. डावी, उजवी, बंद. बदलायचं काम तुमचं.

सांगलीकडचा एक मुलगा महाराष्ट्रातल्या एका क्लबमध्ये सेसनावर तास काढून आला होता. हात चांगला, रेडिओ चांगला, पण घाई फार. वॉरियरच्या चेक-आउटला, म्हणजे नव्या विमानाच्या ओळख-चाचणीला, त्याचं पहिलं वाक्य, "सर, एका तासात होईल ना? विमान म्हणजे विमान." मी म्हटलं, बघू, जरा लांब जाऊन येऊ. टाक्या खुणेपर्यंत भरल्या होत्या, म्हणजे प्रत्येकीत १७ गॅलन. वॉरियर तासाला साडेआठ-नऊ गॅलन पितं. सिलेक्टर वैमानिकाच्या डाव्या पायाशी भिंतीवर असतो. उजव्या सीटवरून तो धड दिसत नाही. मी घड्याळ बघत होतो. अर्धा तास झाला, पाऊण झाला, हात तिकडे गेला नाही. तासाभरानं त्याचा कंट्रोल व्हील थोडा डावीकडे वळलेला दिसला. उजवा पंख जड झाला होता, आणि तो नकळत त्याला उचलून धरत होता. विमानानं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, पण ऐकायला वेळ कुणाला?

दीड तासाच्या सुमारास, खाली दोन लांब धावपट्ट्या असलेलं विमानतळ आल्यावर, मी विचारलं, "इंधन किती आहे रे?"

"वीस गॅलन, सर. दोन तास आरामात."

"कुठल्या टाकीत?"

त्यानं काट्यांकडे पुन्हा पाहिलं. उजवीकडे सतरा, डावीकडे तीनेक. आणि सिलेक्टर डावीवर. बेरीज अगदी बरोबर होती. त्या वीसमधल्या सतरा गॅलनांशी इंजिनाचा काडीचा संबंध नव्हता. त्याचा चेहरा उतरला. पंप चालू केला, सिलेक्टर फिरवला, प्रेशर बघितलं, पंप बंद केला, आणि परत येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. चेक-आउट त्या दिवशी झालं नाही, हे सांगायला नको.

या बाबतीत मी जुनी युक्ती वापरतो. मिनिटकाटा घड्याळाच्या उजव्या अर्ध्यात असेल तर उजवी टाकी, डाव्या अर्ध्यात असेल तर डावी. दर अर्ध्या तासाला बदल आपोआप होतो. टॅब्लेटवरची ॲप आठवण करून देतात हे ठाऊक आहे. टॅब्लेट टेक्ससच्या उन्हात तापून बंद पडतात हेही ठाऊक आहे. टेक-ऑफच्या तोंडावर किंवा उतरायच्या तोंडावर टाकी बदलू नका. आणि काट्यांवर विश्वास ठेवण्याआधी टाकीत काठी बुडवून बघा.

स्वस्तात बोनान्झा

बीचक्राफ्टचं बोनान्झा पहिल्यांदा उडालं डिसेंबर १९४५ मध्ये. इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपूट, वेग भारी, आतली बैठक राजेशाही. व्ही शेपटीच्या काही विमानांचे हवेत तुकडे झाले, त्यावर १९८७ मध्ये शेपटी मजबूत करण्याचा आदेश निघाला. लोक तेवढंच बोलतात. मला भीती वाटते ती बटणांची. १९८४ च्या आधीच्या बऱ्याच बोनान्झात चाकांचं बटण उजवीकडे आणि फ्लॅपचं (उतरताना पंखामागे खाली येणाऱ्या झडपांचं) डावीकडे असतं, बाकी विमानांच्या नेमकं उलट. उतरल्यावर धावपट्टीवरच फ्लॅप आत घ्यायची सवय असेल, तर हात चाकांवर जातो आणि विमान पोटावर बसतं. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं १९८० मध्ये यावर वेगळा अहवालच काढला होता. उपाय फुकट आहे: धावपट्टी सोडून पूर्ण थांबेपर्यंत कुठल्याच बटणाला हात लावू नका. चाकं आत न जाणाऱ्या सेसना १५२ मध्येसुद्धा.

बाकीच्या, थोडक्यात

१५२ ला दोन सीट आहेत म्हणून दोन दणकट माणसं, पूर्ण टाकी आणि बॅगा बसतील असं नाही. कमाल वजन १६७० पौंड आहे, आकडेमोड करा.

जुन्या सेसनात फ्लॅप ४० अंशांपर्यंत जातात. तसे ठेवून पुन्हा वर चढायला गेलात तर विमान फक्त आवाज करतं. १९८१ च्या १७२ पीपासून सेसनानंच ते ३० वर आणले.

चेरोकीचा जुना आयताकृती पंख आणि वॉरियरचा निमुळता पंख एकसारखे उतरत नाहीत. पहिला थ्रॉटल (इंजिनाची ताकद) काढताच खाली बसतो, दुसरा तरंगतो.

पीए-२८ ला दार एकच, तेही उजवीकडे. पाहुण्याला आधी बसवलंत तर तुम्ही बाहेर.

पायपर जे-३ कबमध्ये एकटे उडताना मागच्या सीटवर बसायचं. फोटोसाठी पुढे बसा, उडताना नाही.

पीए-२८ विकत घेताय? पंखाच्या मुख्य स्पारच्या (आतल्या मुख्य तुळईच्या) तपासणीचा आदेश त्या विमानाला लागू आहे का ते बघा. २०१८ मध्ये डेटोना बीचजवळ एका पीए-२८ ॲरोचा पंख हवेत तुटला, त्यानंतर तो आदेश आला.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांना: तिथे कंपनीच्या आधी इंधन बघा. ॲव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, २०२२ पर्यंत बाहेरून यायचं. तेव्हा इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली. जेट इंधनावर चालणारी डायमंडची डिझेल विमानं क्लबांना का आवडतात हे त्यावरून कळेल.

नाकाचं चाक थरथरतं म्हणून डँपर मागवणं

"सर, १७२ उतरलं की पुढचं चाक थरथर कापतं, पायपरला असं होत नाही, सेसनाचं डिझाइनच वाईट." मग लगेच नवा डँपर, म्हणजे थरथर शोषणारा भाग, दोन दिवसांत कुरिअर. डँपर खराब असू शकतो, नाही असं नाही. पण आधी टायरमधली हवा बघा, टायर एका बाजूनं झिजलाय का बघा, मग टॉर्क लिंकचे, म्हणजे चाकाला सरळ धरणाऱ्या सांध्यांचे, बोल्ट आणि बुश हातानं हलवून बघा. आणि त्याच्याही आधी उतरायचा वेग बघा. दहा नॉट जास्त घेऊन तीनही चाकं एकदम टेकवलीत तर कुठलंही नाकाचं चाक थरथरेल. पुढच्या वेळी पुस्तकातल्या वेगानं या, मागची चाकं आधी टेकवा, आणि कंट्रोल मागे ओढून धरून नाक जितका वेळ वर राहील तितका वेळ राहू द्या. तरीही थरथरलं तर मेकॅनिकला फोन करा.