मँगनीजच्या साठ्याचा प्रकार ठरवताना या चुका टाळा

जिऑलॉजीची पोरं मनसर, तुमसरकडे फील्डला जातात, काळा जड दगड दिसला की वहीत ‘पायरोलुसाइट’ हे मँगनीजचं एकच खनिज लिहून मोकळी होतात. असं करू नका. मऊ पायरोलुसाइटनं बोटं काळी होतात, ब्राउनाइट हे मँगनीजचं दुसरं खनिज कडक असतं, चाकूला दाद देत नाही, आणि जेकबसाइट हे तिसरं असेल तर चुंबक चांगलाच चिकटतो. एवढं तपासायला दोन मिनिटं पुरतात.

सगळ्यात जास्त घोळ गोंडाइट नावाच्या खडकाचा होतो. बाहेरून काळाकुट्ट, म्हणून ओर (धातू काढण्याजोगं खनिज) समजून पिशवीत टाकतात. हातोड्यानं फोडून ताजी बाजू बघा, पांढऱ्या क्वार्ट्झमध्ये पिवळट-नारिंगी स्पेसार्टिन गार्नेटचे बारीक दाणे दिसतील, काळेपणा फक्त वरच्या सालीचा. प्रोटेरोझोइक या अतिप्राचीन काळात समुद्रात मँगनीजसोबत वाळू आणि चिकणमातीही साचली, पुढे उष्णता-दाबानं त्या मिसळीचं गोंडाइट झालं, आणि जिथे गाळात मँगनीजच जास्त होतं तिथे ब्राउनाइटचे थर तयार झाले, म्हणून नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यात दोन्ही शेजारी शेजारी सापडतात.

आता याच पट्ट्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीत बॅटरीच्या कामाचं मँगनीज डायऑक्साइडचं ओर मिळतं, मग हा साठा रूपांतरित लिहायचा की झिजेतून बनलेला? दोन्ही लिहा, क्रमानं. आधी गाळ, मग रूपांतर, मग पाणी-हवेनं वरून झालेला बदल. एकाच खान्यात कोंबलं की अर्धा इतिहास गेला. आणि ‘बॅटरी ग्रेड’ हा वापराचा प्रकार आहे, उत्पत्तीचा नाही, हे दोन तक्ते वेगळेच ठेवा.

विजयनगरमकडच्या कोडुराइट या मँगनीजवाल्या खडकाला भूवैज्ञानिक फर्मरनं 1909 मध्ये शिलारसातून आलेला खडक म्हटलं होतं, काही नोट्समध्ये अजून तेच फिरतंय. नंतरच्या अभ्यासकांनी तो मुळात गाळाचाच, पुढे रूपांतर आणि ग्रॅनाइटी रसाच्या मिसळणीतून बनलेला मानलाय.

जॉर्जियातल्या चियातुराचं मँगनीज उलट टोकाचं, तिथला गाळ साधारण 3 कोटी वर्षांपूर्वीचा, रूपांतर झालेलंच नाही, त्यामुळे तिथे ब्राउनाइट-गोंडाइट शोधत बसू नका.

गोव्यात जांभ्यातलं मँगनीज बघताना एका खड्ड्यात ओर लागलं म्हणून नकाशावर सरळ थर ओढू नका. ते वेडेवाकडे खिसे असतात, बऱ्याचदा थोड्याच खोलीवर संपतात, त्यामुळे कमी कमी अंतरावर बोअर घेतल्याशिवाय साठ्याचा आकडा लिहूच नका.