सुटे की बांधलेले, ओले की वाळलेले: किराण्याच्या जीएसटीत या चुका टाळा

दुपारी अडीच-तीनला दुकानात गिऱ्हाईक नसते. त्या वेळेत आमच्याकडचा मुलगा पोह्याचे पोते फोडायचा, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायचा, तोंडाला स्टेपलर मारायचा आणि फळीवर रचून ठेवायचा. संध्याकाळच्या गर्दीत वजन करत बसायला नको, एवढाच हेतू. हिशेब माझ्याकडे. बिलात मी त्या पोह्यांवर शून्य टक्के लावत होते, कारण पोहे सुटे, आणि सुट्या पोह्यांना कर नाही. एकदा आमचे कर सल्लागार फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "वहिनी, हे सुटे आहेत का?"

ते सुटे नव्हते. गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाचे पाकीट भरून ठेवले की कायद्याच्या नजरेत तो बांधलेला माल. वजनमाप कायद्याप्रमाणे अशा पाकिटावर नाव, वजन, किंमत, तारीख वगैरे छापायला लागते. छापायला लागते म्हणूनच त्यावर 5 टक्के जीएसटीही लागतो. आम्ही काहीच छापले नव्हते, त्याने सुटका झाली नाही, उलट दोन चुका झाल्या. तेच पोहे गिऱ्हाइकासमोर पोत्यातून काढून, तोलून, पिशवीत बांधून दिले असते तर कर शून्य. पोते तेच, पोहेही तेच.

तेव्हापासून नवीन माल आला की मी त्याचे नाव नंतर बघते, आधी तो कोणत्या अवस्थेत आहे ते बघते. जीएसटीतल्या बहुतेक चुका इथेच होतात. आपण विचारतो, "तांदळावर किती टक्के?" आणि या प्रश्नाला एक उत्तरच नसते.

जुना नियम डोक्यात धरून बसणे

आपल्याकडे आधी विक्रीकर होता, 1 एप्रिल 2005 पासून व्हॅट आला, 1 जुलै 2017 पासून जीएसटी. बाजारात अजून कितीतरी जण त्याला सेल्सटॅक्सच म्हणतात. नाव जुने राहिले तर बिघडत नाही, नियम जुना राहिला तर बिघडते. सुरुवातीच्या पाच वर्षांत धान्य, पीठ, डाळ यांवर ब्रँडचा माल असेल तरच कर होता. 18 जुलै 2022 ला ती अट गेली आणि "आधी बांधलेले व लेबल लागणारे" ही अट आली. तरीही "आमचा कुठे ब्रँड आहे?" हे वाक्य मी आजही ऐकते. ब्रँडचा आता काही संबंध उरलेला नाही. घरगुती गिरणीचे बिननावाचे ज्वारीचे पीठ एक-एक किलोच्या पाकिटात भरून ठेवले तरी 5 टक्के.

दुसरा मोठा बदल 22 सप्टेंबर 2025 चा. रोजच्या मालातून 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे निघाले. आता बहुतेक वस्तू शून्य, 5 किंवा 18 मध्ये आहेत, आणि गोड शीतपेयांसारख्या थोड्या वस्तू 40 मध्ये. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी जुनी वस्तू 12 टक्क्यांवर राहून गेली आहे का, हे एकदा पूर्ण यादी काढून तपासाच. आमच्याकडे तूप, छत्री आणि पेन्सिल अशा तीन नोंदी राहिल्या होत्या. तूप आणि छत्री 5 वर आल्या, पेन्सिल शून्यावर.

"पाकीट म्हणजे कर, सुटे म्हणजे माफ" हे सगळ्याला लावणे

वरचे पोह्यांचे उदाहरण वाचून कोणी हेच सूत्र पाठ करील, म्हणून लगेच सांगते: ते धान्य, डाळी, पीठ, पोहे, मुरमुरे, गूळ, मध, दही, ताक अशा ठरावीक यादीपुरतेच आहे. साखर, चहा, गोडेतेल, जिरे, मिरी हे पोत्यातून तोलून दिले तरी 5 टक्के. उलट मीठ, पाव, पिशवीतले दूध आणि पापड कितीही छान पाकिटात आले तरी शून्य. पापडाच्या आकारावरून 2021 मध्ये गोल पापडाला माफी आणि चौकोनी पापडाला कर अशी चर्चा उठली होती. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने तेव्हाच स्पष्ट केले की आकाराने काही फरक पडत नाही. तळायच्या नळ्या, चकत्या, ज्यांना व्यापारात फ्रायम्स म्हणतात, त्यांना मात्र पापडाची माफी मिळत नाही, त्यांवर 5 टक्के आहे.

आणखी एक मर्यादा आहे 25 किलोची. 25 किलोपर्यंतच्या बांधलेल्या पिशवीवर कर, त्यापेक्षा मोठ्या एका पोत्यावर नाही. म्हणून बाजारात 26 आणि 30 किलोची तांदळाची पोती दिसू लागली. पण दहा-दहा किलोच्या तीन पिशव्या एका मोठ्या पोत्यात घातल्या तर ते 30 किलोचे पोते ठरत नाही. आतली प्रत्येक पिशवी विक्रीसाठीच बांधलेली आहे, तिच्यावर कर आहेच. दुकानदाराने कर भरून आणलेली 25 किलोची पिशवी फोडून सुटे विकले, तर त्या सुट्या विक्रीवर कर लावायचा नाही. इथे पुष्कळजण "खरेदीत भरलाय, मग विक्रीत लावलाच पाहिजे" म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतात. ते चूक आहे.

ओले आणि वाळलेले एकाच रांगेत मांडणे

मला हा भाग सगळ्यात नवलाचा वाटतो. हळदीकुंकवाचा करंडा घ्या. कुंकवावर शून्य, शेजारच्या कप्प्यातल्या हळदीवर 5. ओली हळद मात्र शून्य. आले शून्य, तेच वाळून सुंठ झाले की 5. पूजेचा नारळ शून्य, तो सुका झाला तरी शून्य, पण तेलाचे खोबरे झाले, वाटी वेगळी झाली, की 5. बांगड्या, मग काचेच्या असोत वा प्लॅस्टिकच्या, शून्य. अगरबत्तीवर 5. एकाच परडीत ठेवायच्या या वस्तू बिलात दोन रांगांत जातात.

द्राक्षे आणि बेदाणे हे आमच्या सांगली-तासगावकडचे जिव्हाळ्याचे प्रकरण. ताजी द्राक्षे शून्य, बेदाण्यावर 5. पण स्वतःच्या शेतातला बेदाणा शेतकरी स्वतः विकत असेल तर त्याला नोंदणीही नको आणि करही नको. डिसेंबर 2024 च्या जीएसटी परिषदेत बेदाणा आणि मिरी या दोन्हींबाबत हे पुन्हा स्पष्ट झाले. कर सुरू होतो तो व्यापारी विकतो तेव्हा. त्यामुळे शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, "जीएसटी" म्हणून कोणी रक्कम कापत असेल तर ती कशाची, हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. बोलायला संकोच करू नका.

एका कप्प्याला एक दर देणे

सॉफ्टवेअर भरताना "दुग्धजन्य" असा एक गट करून सगळ्याला एकच दर देण्याचा मोह होतो. दूध शून्य, पाकिटातले पनीर सप्टेंबर 2025 पासून शून्य, पण पिशवीतल्या दह्यावर आणि ताकावर अजून 5, लोणी-तुपावर 5. शालेय वस्तूंत वही, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर, रंगीत खडू शून्य, कंपासपेटीला 5, आणि पेनला 18. वही शून्य म्हणून शंभर पानी रजिस्टर आणि डायरीही शून्यात टाकली जाते. त्या 18 मध्ये आहेत. जूनमध्ये शाळेच्या यादीचे बिल करताना ही गफलत हमखास होते. साबणाचेही तसेच. अंगाच्या साबणाची वडी 5, हात धुवायचा पातळ साबण 18, कपडे धुवायची पावडर 18.

असे का, याला प्रत्येक ठिकाणी समाधान होईल असे उत्तर मला सापडलेले नाही. वहीवर माफी असावी आणि त्याच मुलाच्या पेनवर 18 टक्के असावेत, हे मला पटत नाही, आणि पालक विचारतात तेव्हा मी तसे स्पष्ट सांगते. पण बिल नियमाप्रमाणेच निघायला हवे.

कपड्यांत छापील किंमत बघणे

कपडा नगामागे 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के, त्यावर गेला की 18. चपला-बुटांना जोडीमागे हीच मर्यादा. ही रक्कम छापील किमतीची नव्हे; बिलात दाखवलेली सूट वजा करून, कर धरण्याआधीची विक्री किंमत बघायची. शर्टावर 2,999 छापले आहेत आणि तितक्यालाच विकला, तर 18 टक्के वेगळे काढून मूळ किंमत 2,541 रुपये पडते, म्हणजे वरचा दर. त्यावर 20 टक्के सूट दिली तर गिऱ्हाईक 2,399 रुपये देते आणि दर येतो 5. सेलच्या दिवसांत सॉफ्टवेअरने सूट आधी वजा केली की नंतर, हे एक बिल हाताने मांडून तपासा.

साडीला ही मर्यादा लागू नाही, कारण साडी तयार कपड्यात नव्हे, कापडात धरली जाते. म्हणून तीस हजारांच्या पैठणीवर 5 टक्के आणि तीन हजारांच्या कुर्त्यावर 18. कपड्याच्या दुकानात नव्याने बिलिंगला बसलेली मुले पैठणीला 18 लावतात, आणि एका बिलात तीन-चार हजारांचा फरक पडतो.

दिवाळीच्या भेटपेटीत थंड पेयाचा डबा घालणे

ही चूक महागात पडते. वेगवेगळ्या दरांच्या, एकमेकांशी नैसर्गिक जोड नसलेल्या वस्तू एका पेटीत घालून एकाच किमतीला विकल्या, तर पूर्ण पेटीला त्यातला सगळ्यात जास्त दर लागतो. कायद्यातच मिठाई, चॉकलेट, केक, सुकामेवा, फळांचा रस आणि सोड्याची पेये एका पेटीत घातल्याचे उदाहरण दिले आहे.

आकडा मांडून बघा. कर सोडून हजार रुपयांची पेटी. त्यात 960 रुपयांचा सुकामेवा आणि मिठाई, त्यांवर 5 टक्के. आणि 40 रुपयांचे गोड सोड्याचे पेय, त्यावर 40 टक्के. वेगवेगळे विकले तर कर 48 अधिक 16, म्हणजे 64 रुपये. पेटी म्हणून एका किमतीला विकले तर 400 रुपये. चाळीस रुपयांच्या डब्यापायी तीनशे छत्तीस रुपये जास्त. पेय काढून टाकले आणि त्या जागी पेन किंवा डायरी घातली तरी पूर्ण पेटी 18 वर जाते. उपाय दोनच: पेटीत एका दराच्याच वस्तू ठेवा, नाहीतर प्रत्येक वस्तूची किंमत बिलात खरोखर वेगळी लावून विका. ऑक्टोबरमध्ये माल बांधून झाल्यावर हे लक्षात येऊन उपयोग नाही, गणपतीच्या सुमारासच ठरवून घ्या.

गिऱ्हाईक म्हणून बिल न वाचणे

छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. तिच्या वर "जीएसटी वेगळा" असे कोणी म्हणत असेल तर ते देऊ नका. दुकानात "कंपोझिशन" योजनेची पाटी असेल तर त्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा अधिकारच नाही. तो आपल्या उलाढालीवर 1 टक्का स्वतः भरतो. वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या माल विकणाऱ्याला सहसा नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटीची ओळ येऊ शकत नाही. नोंदणी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने आणि गोव्याचा 30 ने सुरू होतो. दुकानदाराशी बोलून प्रश्न सुटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

चूक झालीच असेल तर

कमी कर लावला असेल तर फरक व्याजासह डीआरसी-03 या जीएसटीच्या फॉर्मने भरून टाका. नोटीस येण्याआधी आपण होऊन भरले तर प्रकरण खूप हलके होते. आम्ही पोह्यांचे असेच केले. विक्रीच्या नोंदी काढल्या, पोत्यांचा हिशेब जुळवला आणि फरक भरला. जास्त कर घेतला असेल तर तो स्वतःकडे ठेवता येत नाही. चुकून माफ मालावर घेतला असला तरी सरकारात भरावा लागतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला परत द्यायचा असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलातली रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, काढा, आणि तिची नोंद पुढच्या 30 नोव्हेंबरच्या आत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरणार असाल तर त्यापूर्वी, विवरणात घाला. ही मुदत त्या आर्थिक वर्षाच्या 31 मार्चनंतर येणाऱ्या नोव्हेंबरची आहे.

आमचा मुलगा आता दुपारी पिशव्या भरत नाही. तो रिकाम्या पिशव्या आकारानुसार लावून ठेवतो आणि पोत्यात अर्ध्या किलोचे माप ठेवतो. संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर एक माप, तराजूवर टाकून खात्री, आणि सुतळीची गाठ. वेळ पूर्वीपेक्षा फारसा जास्त लागत नाही.