सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी घरचे अभ्यंग आणि शेक

सेरेब्रल पाल्सीमध्ये जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झाल्याने मुलाची हालचाल आणि तोल बिघडतो. आयुर्वेदात या नावाचा स्वतंत्र आजार नाही. लक्षणे पाहून वैद्य त्याचा विचार वातव्याधीत, म्हणजे वात बिघडल्याने होणाऱ्या आजारांत, करतात आणि अभ्यंग (अंगाला तेल चोळणे), स्वेदन (शेक) व बस्ती (गुदद्वारातून औषध देणे) सुचवतात. यातली बस्ती घरी करण्याची गोष्ट नव्हे. तेल-शेकाने मेंदूतली इजा भरून येत नाही. ताठरलेले अंग थोडे सैल व्हावे आणि फिजिओथेरपीचा व्यायाम मुलाला सोसावा, एवढ्याच हेतूने ते करावे.

तेल बलातेल (बला म्हणजे चिकणा या वनस्पतीचे औषधी तेल) असावे किंवा साधे तिळाचे, आणि त्याची वाटी गरम पाण्यात ठेवून ते कोमट करावे. खाल्ल्यानंतर दोनएक तास जाऊ द्यावेत. ताप, अपचन, त्वचेवर जखम असेल किंवा त्या दिवशी आकडी आली असेल, तर अभ्यंग करू नये. जावळी-पाटणकडच्या पावसाळ्यात खोली आधी उबदार करावी, मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवू नये. जत-आटपाडीच्या एप्रिलमध्ये पहाटेच तेल लावावे आणि शेक वगळला तरी चालेल.

हातापायांवर लांब, संथ हात फिरवावा आणि सांध्यांवर गोलाकार चोळावे. मिटलेली मूठ ओढून उघडू नये. पायांची कात्री पडत असेल, म्हणजे पाय एकमेकांवर आडवे जात असतील, तर मांड्या जोराने फाकवू नयेत, कारण अशा मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू निसटू शकतो. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंना पाय ओढून ताणण्याची सवय असते. त्यांचा हात कितीही सरावाचा असला, तरी हे काम आई-वडिलांनी फिजिओथेरपिस्टकडून शिकून स्वतःच करावे.

वैद्यांनी पिंडस्वेद (भाताच्या पोटलीचा शेक) सांगितला असेल, तर चिकण्याच्या मुळांचा काढा आणि दूध एकत्र करून त्यातल्या अर्ध्यात साठेसाळीचा (साठेक दिवसांत पिकणाऱ्या भाताचा) तांदूळ मऊ शिजवावा, तो सुती कापडाच्या पोटल्यांत बांधावा आणि उरलेल्या गरम मिश्रणात बुडवत अंगावर फिरवावा. पोटली प्रत्येक वेळी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी, कारण भाजले तरी काही मुलांना ते सांगता येत नाही. दूध नासते, म्हणून उरलेला भात दुसऱ्या दिवशी वापरू नये.

नाकात तेल घालण्याची आणि आडवे धरून तूप पाजण्याची आपल्याकडची पद्धत इथे खरोखर धोक्याची आहे. गिळण्याची अडचण असलेल्या मुलाच्या फुप्फुसात तेल-तूप उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आकडीची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून एकाएकी बंद करू नये. पोटात घ्यायच्या प्रत्येक औषधाचे नाव बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, विशेषतः भस्मांचे आणि रसौषधींचे (धातू-खनिजांपासून केलेल्या औषधांचे), कारण त्यांपैकी काहींत पारा किंवा शिसे असते.

शेक झाल्यावर अंग ओल्या गरम फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर तेलकट पाय धरताना निसटतो, आणि अंग गार पडण्याआधी व्यायामाला बसवावे.