सायरन वाजेना? आधी दोन्ही ऑसिलेटर वेगळे करा

आमच्या खानापूरकडं भात पोटरीला आलं की रानडुकरं सुटतात, रात्रभर डबा बडवत बसण्यापेक्षा म्हणून मी चार बीसी ५४७ ट्रान्झिस्टर वापरून सायरन बांधला आणि चालू केला तर नुसता एक बारीक सूर, वर-खाली काहीच नाही. शेजारचे काका येऊन बघून गेले, "काय करूलास गा, रेडिओ खोललास काय?" तीन संध्याकाळी गेल्या त्यात. तुमच्या जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

या सर्किटमध्ये ट्रान्झिस्टरच्या दोन जोड्या असतात, प्रत्येक जोडी म्हणजे एक ऑसिलेटर, आपोआप ऑन-ऑफ होत राहणारा. एक स्लो, ती सेकंदाला एक-दोनदा पलटते, दुसरी फास्ट, ती आवाज काढते, आणि मधे एक लिंक रेझिस्टर जो स्लोच्या कलेक्टरवरून फास्टच्या बेसला जातो (कलेक्टर, बेस, एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय). पहिलं काम म्हणजे ती लिंक एका बाजूनं सोडवा. पार्ट उपसत बसू नका, मी तेच केलं आणि चांगले दोन ट्रान्झिस्टर तापवून घालवले.

माझे आकडे सांगतो: सप्लाय ६ व्होल्ट म्हणजे चार पेन्सिल सेल, बेसचे रेझिस्टर ४७ के, कलेक्टरचे १ के, स्लोला १० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, फास्टला १०३ लिहिलेले डिस्क कपॅसिटर म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड. एका फेरीचा वेळ साधारण १.३८ गुणिले आर (बेसचा रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटर), म्हणजे स्लो ०.६५ सेकंदाला एक फेरी आणि फास्ट १५०० हर्ट्झच्या आसपास.

स्लो तपासायला कलेक्टरच्या १ के बरोबर सिरीजमध्ये एक एलईडी टाका, लुकलुकला की ती जोडी बरी. नाही लुकलुकला तर इलेक्ट्रोलिटिकची दिशा बघा, प्लस कलेक्टरकडं, मायनस बेसकडं. आणि बीसी ५५७, म्हणजे उलट्या जातीचा पीएनपी, तर आला नाही ना तेही बघा, अंगावरचा आकडा बॅटरीच्या उजेडात वाचा, ४ चा ५ सहज वाटतो.

फास्टला एलईडीचा उपयोग नाही, तिथं मीटर डीसीवर ठेवा. चालू असेल तर कलेक्टरवर अडीच-तीन व्होल्ट दिसतील आणि बेसवर मीटर चक्क मायनस दाखवेल, घाबरू नका, कपॅसिटर बेसला शून्याच्या खाली ओढतो म्हणून तसं होतं, ती चांगली खूण आहे. पण दोन्ही बेसवर ०.६५-०.७ आणि दोन्ही कलेक्टरवर जवळजवळ शून्य असेल तर दोघेही ऑन होऊन अडकलेत, सप्लाय काढून परत झटक्यात लावा. स्विच कचरतो किंवा अडॅप्टरचा व्होल्टेज हळू चढतो तेव्हा हे नेहमी होतं.

९ व्होल्ट लावायचा मोह होतो पण बीसी ५४७ चा बेस-एमिटर उलटा ६ व्होल्टच सोसतो, ९ वर बेस मायनस आठपर्यंत जायला बघतो, मग सूर बदलतो आणि ट्रान्झिस्टर हळूहळू कमजोर होतो. लावायचंच असेल तर प्रत्येक एमिटरला १एन ४१४८ डायोड सिरीजमध्ये टाका.

दोन्ही जोड्या एकट्या चालतात आणि लिंक जोडली की सायरन तुटत-तुटत वाजतो? लिंक फार लहान आहे. २.२ के लावला तर स्लो खाली गेला की फास्टचा बेस ०.६ पर्यंत पोचतच नाही, ती बंदच पडते. मी शेवटी ३३ के ठेवला.

मग स्पीकर. ८ ओहमचा स्पीकर ५४७ ला थेट लावू नका, तो १०० मिलीअँपचा माणूस आहे. बीडी १३९ हा मोठा ट्रान्झिस्टर घ्या, स्पीकरला सिरीजमध्ये ४७ ओहम, आणि फास्टच्या कलेक्टरवरून १३९ च्या बेसला २.२ के. हा रेझिस्टर विसरला तर कलेक्टर ०.७ च्या वर चढत नाही आणि फास्ट जागीच थांबते. पायही बघून लावा, ५४७ चा मधला पाय बेस, १३९ चा मधला कलेक्टर. स्पीकर लावल्यावर आवाज घोगरा होत असेल तर सेल उतरलेत, नाहीतर सप्लायला आडवा ४७० मायक्रोफॅरड टाका.

आता माझा फॉल्ट. सगळे व्होल्टेज बरोबर, तरी सूर हलेना. शेवटी लाकडी काडीनं एकेक जोड हलवत गेलो तर लिंकच्या पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसली, सोल्डर वरून चकचकीत पण तार आत सुटलेली. जुना सोल्डर ओढून काढला, पाय खरवडून नवा लावला, आणि पहिल्यांदाच सूर वर-खाली व्हायला लागला.